शालेय लसीकरण आणि सवलतीचे दाखले : ‘अनर्ह’ कोणास म्हणावे?



नोव्हेंबर २०१८ मधील गोष्ट. राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नुकतीच सुरू झाली होती. शाळाशाळांतून सूचनापत्रके घरी जात होती आणि ती पत्रके हातात घेऊन पालक आपापल्या नेहमीच्या वैद्याकडे येत होते. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबातील एक आजी आपल्या तीन वर्षांच्या नातवास घेऊन माझ्याकडे आल्या. मूल बालवाडीत जाणारे, अंगाने किरकोळ, नाक वाहणारे. आजींचे म्हणणे असे, की गोवर हा अम्मवारूचा फेरा, त्याला सुई टोचून अडवू नये. सुनेला सुई नको होती ती भीतीपोटी, कारण शेजारणीने काहीबाही सांगितले होते. शाळेत ‘देवीचे कारण’ सांगितले तर हसतील, म्हणून आजी म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच काहीतरी लिहून द्या.” मी माझ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या : बालक अशक्त असल्याने सध्या लस देऊ नये.

त्या दोन ओळींचे पुढे काय झाले, ते यथावकाश सांगेन. परंतु असा कागद लिहून देण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येतो, आणि आपण तो सौजन्याचा भाग समजून लिहून देतो. म्हणून धार्मिक कारणास्तव मिळणारी सवलत व वैद्यकीय कारणास्तव मिळणारी सवलत यांत भेद काय, जगात व आपल्याकडे त्याविषयी काय घडले, आणि वैद्याने यात कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

योग्य आणि अयोग्य

आयुर्वेदाच्या अभ्यासकास हा विषय वस्तुतः परका नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील दुसऱ्या अध्यायात वमन, विरेचन, बस्ती, नस्य या प्रत्येक कर्मास कोण योग्य व कोण अयोग्य, याची सविस्तर गणना केलेली आहे. आचार्य तेथे केवळ नामावली देऊन थांबत नाहीत. अमुक रुग्णास हे कर्म केल्यास अमुक उपद्रव होईल, असे प्रत्येकाचे कारणही देतात. त्यामुळे ‘अनर्ह’ हा शब्द आपल्या शास्त्रात निदानवाचक आहे. रुग्णाची इच्छा नाही म्हणून तो वमनास अनर्ह ठरत नाही. त्याची इच्छा नसेल तर वैद्य वमन देणार नाही हे खरे, परंतु नोंद करताना ‘रुग्णाने नकार दिला’ असे लिहील, ‘हृद्रोग आहे’ असे लिहिणार नाही.

लसीकरणातील सवलतीचा सारा गोंधळ या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून निर्माण होतो. धार्मिक सवलत म्हणजे नकार. त्याचा अधिकार पालकाचा. वैद्यकीय सवलत म्हणजे निदान. त्याचे उत्तरदायित्व चिकित्सकाचे. पहिल्यास दुसऱ्याचे वस्त्र चढविले, की कागद खोटा होतो.

देवी आणि टोचणी

आपल्या प्रांतात या प्रश्नास दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. जेन्नरने १७९६ मध्ये केलेला प्रयोग १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली यशस्वी देवीची लस टोचण्यात आली. आरंभी एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याच्या दंडास टोचीत. त्यामुळे परजातीच्या शरीरातील द्रव आपल्या अंगात जातो, अशी हरकत उच्चवर्णीयांनी घेतली. पुढे वासराच्या अंगावर तयार केलेली लस आली, तेव्हा गोवंशाचा प्रश्न उभा राहिला. शिवाय ज्या रोगाचे नावच ‘देवी’, त्याला अटकाव करणे म्हणजे शीतळादेवीचा कोप ओढवून घेणे, ही भावना होतीच.

या हरकती दूर करण्यासाठी त्या काळी एक चमत्कारिक उपायही योजला गेला. गाईच्या स्तनावरील फोडातील द्रव टोचण्याची विधी धन्वंतरीनेच सांगितली आहे, अशा अर्थाचे संस्कृत श्लोक मद्रासकडे रचण्यात आले आणि १८१९ मध्ये त्यांचा आधार घेऊन तेथील वृत्तपत्रात लेखन झाले. लोकांनी लस स्वीकारावी या सद्हेतूने केलेली ती बनावट होती, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. आजही काही व्याख्यानांतून ‘लसीकरण आमच्या ग्रंथांत होतेच’ असे ऐकावयास मिळते, म्हणून हा उल्लेख केला. माधवनिदानात मसूरिकेचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातच रोमान्तिकेचे वर्णन आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात शीतलेचे वर्णन व स्तोत्र आहे. बंगालमध्ये मानवी देवीचा द्रव टोचण्याची प्रथा होती व तिचे वर्णन हॉलवेल याने १७६७ मध्ये केले. परंतु गोस्तनातील लशीची विधी आपल्या संहितांत नाही. सद्हेतूने का होईना, खोट्या कागदाचा आधार घेतला की पुढे शास्त्राचीच पत कमी होते.

सक्तीचा कायदा मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये झाला, तर इतर नगरपालिका व छावण्यांसाठी १८८० चा लसीकरण कायदा आला. या १८८० च्या कायद्यात दोन प्रकारचे दाखले होते. बालक प्रकृतीने त्या वेळी टोचण्यास अयोग्य असेल, तर त्या हंगामापुरता स्थगितीचा दाखला मिळे. आणि तीन वेळा टोचूनही लस लागली नाही, तर लस न लागणारे बालक म्हणून दाखला मिळे. धर्माच्या कारणाने सूट देणारे कलम त्यात नव्हते. यातील पहिल्या दाखल्यास मुदत होती, ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सदसद्विवेकाची सवलत

धर्म किंवा सदसद्विवेक या कारणाने सूट देण्याची कल्पना प्रामुख्याने इंग्लंडातील. तेथे १८५३ मध्ये तान्ह्या मुलांस देवी टोचणे सक्तीचे झाले. पुढे दंड, जप्ती, तुरुंगवास इथपर्यंत मजल गेली आणि १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड विरोधी मिरवणूक निघाली. अखेर १८९८ च्या कायद्याने ज्या पालकास लस मनापासून अमान्य असेल, त्याला न्यायाधीशासमोर तसे पटवून देऊन दाखला घेण्याची मुभा मिळाली. युद्धास नकार देणाऱ्यांविषयी पुढे रूढ झालेला ‘सदसद्विवेकाने हरकत घेणारा’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी प्रथम या लशीच्या प्रकरणातून आला.

महात्मा गांधींनी आरोग्यविषयक लेखनात लस टोचण्यास विरोध केला होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु नकार देणाऱ्याने विषयाचा अभ्यास केलेला असावा आणि कायद्याची शिक्षा भोगण्याची तयारी ठेवावी, अशी त्यांची अपेक्षा होती. खोट्या सबबीला त्यांच्या विचारात जागा नव्हती. १९३० च्या आरंभी साबरमती आश्रमात देवीची साथ येऊन बालके दगावली, तेव्हा त्यांच्या मनास मोठा क्लेश झाला. आपल्या मताची किंमत मुले मोजतात, ही जाणीव कोणत्याही प्रामाणिक विरोधकास चुकत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न शाळेच्या दाराशी आला. १९०५ मध्ये जेकबसन नावाच्या धर्मोपदेशकाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने साथीच्या काळात राज्याने सक्ती करणे वैध ठरविले. मात्र ज्याच्या शरीरास लशीने गंभीर अपाय होईल त्याच्यावर सक्ती व्हावी, असा अर्थ कोणी काढू नये, असेही सुचविले. १९२२ मध्ये शाळाप्रवेशासाठी लशीची अट घालणेही वैध ठरले. तेथे वैद्यकीय सवलत सर्व राज्यांत असून बहुतेक राज्यांत धार्मिक सवलतही आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०१५ मध्ये, तर न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये धार्मिक सवलत रद्द केली. दोन्ही ठिकाणी गोवराच्या उद्रेकाने हे निमित्त घडविले.

यापुढील कथा आपणा चिकित्सकांस अधिक बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियात श्रद्धेचे दार बंद झाल्यावर वैद्यकीय दाराशी गर्दी झाली. वैद्यकीय सवलतीचे प्रमाण पाहता पाहता कित्येक पटींनी वाढले. त्या राज्यातील मुले एकाएकी रोगी झाली असे नव्हे. काही डॉक्टरांनी दाखले उदारहस्ते वाटले, एवढेच. शेवटी २०१९ मध्ये दुसरा कायदा करून, वर्षात पाच किंवा अधिक सवलती देणाऱ्या डॉक्टरांचे दाखले तपासण्याची तरतूद करावी लागली. परदेशस्थ मराठी कुटुंबे कधीकधी येथील वैद्याकडे दाखल्याची मागणी करतात. त्यांना स्पष्ट सांगावे, की त्या राज्यात तेथील परवानाधारक डॉक्टरचाच दाखला ग्राह्य असतो.

धर्ममार्तंडांनी या प्रश्नाची उकल कशी केली, याचेही एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस इंडोनेशियात वापरली जात असताना तिच्या निर्मितीत वराहजन्य पदार्थाचा वापर होतो, असा आक्षेप आला. तेथील उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये निर्णय दिला. पदार्थ निषिद्ध, परंतु पर्यायी लस उपलब्ध नाही व न दिल्यास बालकांस धोका आहे, म्हणून वापर अनुज्ञेय. आपद्धर्माची ही संकल्पना आपल्यालाही अपरिचित नाही. मुंबईत १८९७ च्या प्लेगमध्ये हाफकिनच्या नव्या लशीविषयी लोक साशंक असताना तिसऱ्या आगाखानांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली होती व अनुयायांची भीती घालविली होती.

आपल्याकडील आजची स्थिती

आता मूळ प्रश्न : महाराष्ट्रात शालेय लसीकरणातून धार्मिक सवलत मिळते काय? याचे उत्तर असे, की तशी सवलत देणारा कायदा नाही, कारण नियमित बाललसीकरणाची सक्ती करणारा कायदाच येथे नाही. देवीच्या काळातील तो १८८० चा कायदा आता रद्द झाला आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क आहे आणि लस घेतलेली असणे ही त्याची पूर्वअट नाही. शाळा प्रवेशाच्या वेळी लसीकरणपत्रिकेची प्रत मागतात ती बालकाच्या आरोग्याची नोंद म्हणून. ती मागणे उचितच आहे. पण पत्रिका नाही म्हणून त्या वयाच्या बालकास शाळेबाहेर ठेवता येणार नाही.

मोहिमेच्या काळात शाळेत लस देताना संमतीचा प्रश्न येतो. दिल्लीत अशा मोहिमेविरुद्ध याचिका झाली, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पालकांना पूर्वसूचना द्यावी, लशीचे संभाव्य दुष्परिणामही सांगावेत आणि ज्यांचा नकार असेल त्यांच्या पाल्यास लस देऊ नये, असे निर्देश दिले. कोविडच्या लशीसंबंधी २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की स्वतःच्या शरीरावरील अधिकार घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याने कोणालाही बळाने लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी काही निर्बंध घालता येतील, परंतु ते प्रमाणशीर असले पाहिजेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्या पालकास श्रद्धेमुळे लस नको आहे, त्याने संमतीपत्रावर ‘नाही’ लिहिले म्हणजे पुरे. त्यासाठी वैद्याच्या दाखल्याची काडीमात्र आवश्यकता नाही. माझ्याकडे आलेल्या आजींनाही ती नव्हती. संकोच होता, आणि तो संकोच मी खोट्या निदानाने झाकला.

सोलापूर जिल्ह्याला सक्तीची एक निराळी आठवण आहे. पंढरीच्या वारीस जाणाऱ्यांना पूर्वी कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे. वारकरी दंड पुढे करीत आणि वाट चालू लागत. विठ्ठलावरील निष्ठा ही कोणासही सुईतून सुटण्याची सबब वाटली नाही. मात्र त्या लशीने साथीचा प्रसार फारसा थांबत नाही, हे कळल्यावर १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची कॉलरा-दाखल्याची अटही काढून टाकण्यात आली. म्हणजे सक्ती असो वा आग्रह, त्याचा आधार लशीची प्रत्यक्ष उपयुक्तता हाच असला पाहिजे. गोवराच्या लशीबाबत ही उपयुक्तता निर्विवाद आहे.

लसीकरणातील खरे अनर्ह

आता निदानाच्या बाजूकडे वळू. पुढील बालकांस विशिष्ट लस देऊ नये, किंवा पुढे ढकलावी :

१. त्याच लशीच्या आधीच्या मात्रेनंतर, किंवा तिच्यातील घटकामुळे, अ‍ॅनाफायलॅक्सिससारखी तीव्र प्रतिक्रिया आलेली असेल. अशा बालकास ती लस कायमची वर्ज्य.

२. व्याधिक्षमत्वाचा जन्मजात वा अर्जित गंभीर अभाव असेल, रक्ताचा कर्करोग असेल अथवा केमोथेरपी चालू असेल. अशांस गोवर-रुबेला, बीसीजी, तोंडावाटे देण्याची पोलिओ लस यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी देऊ नयेत.

३. दोन आठवडे वा अधिक काळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असेल, तर जिवंत लशी औषध बंद झाल्यानंतर निदान एक महिना थांबून द्याव्यात. ‘दम्याची पावडर’, ‘सांधेदुखीची गोळी’ अशा नावांनी घेतलेल्या अज्ञात औषधांची चौकशी या संदर्भात अवश्य करावी.

४. नुकतेच रक्त वा इम्युनोग्लोब्युलिन दिलेले असेल, तर गोवराची लस काही महिने लांबवावी. कारण दिलेल्या प्रतिपिंडांमुळे लस निष्फळ होते.

५. आतड्यात आतडे शिरण्याचा विकार पूर्वी झालेला असेल, तर रोटाव्हायरसची लस वर्ज्य.

६. डांग्या खोकल्याचा अंश असलेल्या लशीनंतर सात दिवसांत, अन्य कारण न सापडता, मेंदूविकार उद्भवला असेल, तर तो घटक पुन्हा देऊ नये.

७. मध्यम वा तीव्र स्वरूपाचा ज्वर वा अन्य आजार चालू असेल, तर तो उतरेपर्यंत थांबावे.

याउलट पुढील कारणे वारंवार सांगितली जातात, परंतु ती अनर्हता नव्हेत : साधी सर्दी, किरकोळ ताप, सौम्य अतिसार, प्रतिजैविक औषध चालू असणे, अपुऱ्या दिवसांचे मूल, दंतोद्भव, स्तनपान, घरात कोणाला तरी आकडी येण्याचा इतिहास आणि कुपोषण अथवा अशक्तपणा. शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष वेधतो. कुपोषित बालकास गोवर अधिक मारक ठरतो. म्हणून अशक्तपणा हे लस टाळण्याचे कारण नसून लस लवकर देण्याचे कारण आहे. मी नेमके उलट लिहिले होते.

‘वातप्रकृती’, ‘पित्त प्रकोपलेले आहे’, ‘अग्निमांद्य’ अशी कारणे लिहूनही काही दाखले दिले जातात. प्रकृतिपरीक्षण हे आपले बलस्थान आहे. परंतु अमुक प्रकृतीस अमुक लस अपायकारक ठरते, असे सिद्ध करणारा आधार आपल्यापाशी नाही. आधार नसताना शास्त्राची परिभाषा वापरल्यास ती परिभाषाच हास्यास्पद होते.

सुवर्णप्राशन हा पर्याय आहे काय?

पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्या अनेक चिकित्सालयांत सुवर्णप्राशनाचे उपक्रम होतात. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे मेधा, अग्नी व बल वाढविणारे म्हणून वर्णन आहे. बालकाच्या सर्वसामान्य बलासाठी त्याचा उपयोग करण्यास कोणाची हरकत नसावी. अर्थात कल्प शुद्ध आणि मात्रा उचित हवी.

परंतु सुवर्णप्राशनामुळे गोवर, घटसर्प, धनुर्वात वा पोलिओ होत नाही, असे सिद्ध झालेले नाही आणि ग्रंथकारांनीही तसा दावा केलेला नाही. सामान्य बल आणि विशिष्ट व्याधीविरुद्धचे व्याधिक्षमत्व या भिन्न गोष्टी आहेत. धष्टपुष्ट बालकासही गंजलेल्या खिळ्याच्या जखमेतून धनुर्वात होतो. तेव्हा ‘सुवर्णप्राशन चालू आहे, लशीची गरज नाही’ असे पालकास सांगणे, किंवा त्याचा तसा समज झालेला असताना मौन पाळणे, हे दोन्ही अनुचित. पत्रकावर एक ओळ छापावी : ‘हे लसीकरणास पर्याय नाही.’ आपल्या उपक्रमाची प्रतिष्ठा त्यामुळे वाढेल.

एकाचा दाखला, दुसऱ्याचा आजार

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचा विचार आहे. माणसांच्या प्रकृती, आहार, बल, वय हे सारे भिन्न असताना एकाच वेळी एकच व्याधी जनपदाचा नाश कसा करते, असा प्रश्न तेथे उपस्थित होतो. आणि वायू, उदक, देश व काल हे सर्वांस समान असलेले भाव दूषित झाल्याने, असे त्याचे उत्तर मिळते. गोवर याचे ठळक उदाहरण होय. तो श्वासावाटे, हवेतून पसरतो. मुळीच संरक्षण नसलेल्या समाजात एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांस बाधा होऊ शकते. म्हणून साथ रोखण्यासाठी शंभरातील सुमारे पंचाण्णव जण संरक्षित असावे लागतात. उरलेल्या पाचांची जागा खऱ्या अनर्हांसाठी आहे. रक्ताच्या कर्करोगाचे मूल, प्रतिक्रिया आलेले मूल आणि नऊ महिने पूर्ण न झालेले तान्हे बाळ. त्यांचे रक्षण त्यांच्या सभोवतालच्या मुलांनी लस घेतल्यानेच होते. खोट्या दाखल्याने ती जागा भरली, की खऱ्या अनर्हास जागा उरत नाही.

आता त्या दोन ओळींचे काय झाले, ते सांगतो. त्या बालकाची नवव्या महिन्यातील गोवराची मात्रा कुटुंब भिवंडीस गेले असताना आधीच हुकली होती. मोहिमेतील मात्रा माझ्या कागदामुळे हुकली. मी ‘सध्या’ लिहिले होते, पण तारीख लिहिली नव्हती. तो कागद शाळेच्या धारिकेत राहिला आणि पुढे कोणी विचारले नाही. २०२२ च्या दिवाळीत मुलगा भिवंडीस मामाकडे गेला. त्या सुमारास मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी व मालेगावात गोवराचा मोठा उद्रेक चालू होता आणि त्यात बालमृत्यूही झाले. मुलगा परतला तो ज्वर, लाल डोळे व खोकला घेऊन. चौथ्या दिवशी पुरळ उठले. तो आठवड्याभरात सावरला. त्याची धाकटी बहीण मात्र तेव्हा आठ महिन्यांची होती, लशीच्या वयाची झालेली नव्हती. तिला गोवराबरोबर फुफ्फुसाचा दाह झाला. ती अकरा दिवस रुग्णालयात होती. वाचली. आजी मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी देवीची ओटी भरली आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही नातवंडांना स्वतः लसीकरण केंद्रावर नेले. श्रद्धा आणि लस यांची सांगड त्यांनी घातली. ती घालण्यास मी चार वर्षांपूर्वी साहाय्य करू शकलो असतो.

वैद्याने काय करावे

या अनुभवानंतर मी स्वतःसाठी जे नियम घालून घेतले, ते आपल्या विचारार्थ मांडतो.

• पालकाचा नकार आणि बालकाची अनर्हता यांची गल्लत करू नये. नकार असल्यास पालकाने तो स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावा. नकाराचे कारण शांतपणे ऐकून घ्यावे. पुष्कळदा त्यामागे श्रद्धेपेक्षा भय असते, आणि भयाचे निराकरण माहितीने होते.

• खरी अनर्हता असेल, तर दाखल्यावर कोणती लस, कोणत्या निदानामुळे आणि कोणत्या तारखेपर्यंत, या तीन गोष्टी लिहाव्यात. सर्व लशींस एकत्र मनाई करणारा दाखला बहुधा चुकीचाच असतो.

• पूर्वीच्या लशीनंतर तीव्र प्रतिक्रिया आल्याचे पालक सांगत असतील, तर त्यांचे म्हणणे उडवून लावू नये. दुष्परिणामाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात वा महापालिकेच्या दवाखान्यात होण्यास मदत करावी आणि अंतिम निर्णयासाठी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. लशीनंतर येणारा सौम्य ताप, टोचल्या जागी सूज व वेदना यांची कल्पना आधीच द्यावी.

• चिकित्सालयात येणाऱ्या प्रत्येक बालकाची लसीकरणपत्रिका पाहावी. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, डीपीटीची बलवर्धक मात्रा पाच ते सहा वर्षांत, तर धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी असते. शाळकरी वयातील या शेवटच्या मात्रा हमखास विसरल्या जातात.

• गोवराचा रुग्ण आढळल्यास पुरळ उठल्यापासून चार दिवस त्यास शाळेत पाठवू नये, आरोग्य खात्यास कळवावे आणि जीवनसत्त्व ‘अ’च्या मात्रा मिळतील असे पाहावे. गोवरानंतर बालकाचे व्याधिक्षमत्व दीर्घकाळ क्षीण राहते. तेथे पथ्य, बल्य चिकित्सा व दीपन-पाचन यांना मोठा वाव आहे. आपल्या शास्त्राचे कार्य तेथे आहे.

• देवीची ओटी, कडुनिंबाचा पाला, घरातील सोवळे यांची थट्टा करू नये. आजारी बालकास वेगळे ठेवण्याची रीत त्यांतून सहज साधता येते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या आपल्या शहरात ज्या भाषेत भय बोलले जाते, त्याच भाषेत धीर देता आला पाहिजे.

लोक शासकीय केंद्रातील कर्मचाऱ्याचे ऐकणार नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या घरी येणाऱ्या वैद्याचे ऐकतील. हा विश्वास हेच आपले धन आहे. आपल्या नावाचा शिक्का असलेला कागद शाळेत प्रमाण मानला जातो, तो याच विश्वासापोटी. म्हणून ‘काहीतरी लिहून द्या’ असे कोणी म्हटले, की लेखणी उचलण्यापूर्वी त्या घरात नऊ महिन्यांच्या आतील बाळ आहे काय, एवढे तरी विचारावे.

अलम् अतिविस्तरेण.